आतोबा आणि चंदनाची टाकी

आमच्या आतोबांइतका निर्व्यसनी माणूस सबंध नगर जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि त्याच माणसाला मी एकदा हातभट्टीवाला ठरवून त्यांच्या शेडवर बायकांचा मोर्चा नेला होता. नुसता नेला असता तरी एक वेळ चाललं असतं. मी त्यांच्या टाकीचा व्हॉल्व्ह माझ्या हातांनी उघडला आणि आत होतं नव्हतं ते सगळं सोडून दिलं. नातवंडं आता हा किस्सा पाहुण्यांपुढे मुद्दाम काढतात. मी त्यांना सांगते, बाळांनो, तेव्हा मी लहान होते, जेमतेम चौसष्टची; त्या वयात माणसाला वाटतंच की आपल्याला सगळं कळतं.

आतोबा म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. माझी मुलं त्यांना आतोबा म्हणायची म्हणून मी म्हणू लागले, मग कॉलनीतला इस्त्रीवाला म्हणू लागला, आणि एकदा तर बँकेच्या खिडकीतल्या मुलीनेही "आतोबा, सही राहिली" अशी हाक मारली. त्यांचा उभा जन्म एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत गेला. साखर काढून झाल्यावर जी काळी, चिकट मळी उरते ती आंबवायची आणि तिचं अल्कोहोल करायचं, हे त्यांचं काम. त्यांच्या हाताखालून गेलेल्या अल्कोहोलने मुळा धरण भरलं असतं, असं वन्सं अभिमानाने सांगतात. पण त्यातला थेंब आतोबांच्या जिभेला लागलेला नाही. खोकल्याचं औषधसुद्धा बाटलीवरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय ते घेत नाहीत. कुणी चेष्टा केली की म्हणायचे, "अहो, ती तिची कमाई. मी फक्त तिच्या खाण्यापिण्याचं बघतो." यातली 'ती' म्हणजे यीस्ट. पाव फुगवणारी, डोळ्यांना न दिसणारी ती बुरशी. तिच्याविषयी आतोबा घरातल्या लेकीसुनांसारखं बोलत. आज जरा रुसलीय, कालपासून नीट जेवत नाहीय, थंडी सोसत नाही हो तिला. एकदा शेवगावकडचे एक पाहुणे हे सगळं ऐकून गेले आणि दुसऱ्या दिवशी मोसंब्यांची पिशवी घेऊन सुनेच्या प्रकृतीची विचारपूस करायला आले. वन्संनी मोसंबी ठेवून घेतली आणि सून माहेरी गेलीय म्हणून सांगितलं.

डिस्टिलरीने आतोबांना पेन्शन दिली तशी एक खोडही दिली. गाळपाच्या दिवसांत कारखान्यावरून जो कुणी एसटीने गेला असेल त्याला तिथला वास सांगायला नको. प्रवासी रुमाल शोधेपर्यंत गाडी पुढे गेलेली असते. आतोबा त्या वासात इतकी वर्षं उभे राहिले की त्यांच्या आधी त्यांचं नाकच निवृत्त झालं. त्यांना कशाचाच वास येत नाही. मोगऱ्याचा नाही आणि करपलेल्या दुधाचाही नाही. त्यावर त्यांनी स्वतःपुरता उपाय शोधला. सदऱ्याच्या खिशात आंबटपणा मोजायच्या कागदी पट्ट्यांचं पुडकं ठेवायचं आणि समोर येईल त्यात एक पट्टी बुडवायची. ताक, आमटी, उसाचा रस, व्याह्यांनी प्रेमाने पुढे केलेलं कोकम सरबत, कशालाही माफी नाही. आमच्याकडच्या सत्यनारायणाला गुरुजींनी पळीभर पंचामृत हातावर घातलं, तर यांनी आधी त्यात पट्टी बुडवली, रंग उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "साडेचार. गुरुजी, संध्याकाळपर्यंत वाटून टाका, उद्या टिकायचं नाही." गुरुजींचा चेहरा असा झाला की आता पोथी मिटून उठतात की काय. पण पुढच्या वर्षी त्याच गुरुजींनी पंचामृताचं भांडं आपण होऊन त्यांच्यापुढे सरकवलं आणि हळूच विचारलं, "यंदा किती?"

आणखी एक नाद लग्नं जुळवण्याचा. आता लग्नं बरेच जण जुळवतात, पण आतोबांचं तंत्र वेगळं. ते पत्रिका पाहत नसत, पगार विचारत नसत. मुलाला विचारत, "सकाळी उठल्याबरोबर काय करतोस?" आणि मुलीला विचारत, "राग आला की जेवतेस का?" एवढ्यावर ते दोन घराण्यांची गाठ मारून मोकळे होत. गंमत म्हणजे त्यांनी जुळवलेले संसार चांगले चालले. निवृत्तीनंतर हाच नाद त्यांनी आणखी वरच्या पातळीवर नेला. प्रयोगशाळेतलं संशोधन आणि कारखाना, ही दोन घराणी एकमेकांकडे ढुंकून पाहत नाहीत याचं त्यांना फार वाईट वाटे. "वहिनी," ते मला म्हणायचे, "पोरगी शिकलेली, गुणी, पोराकडे जमीनजुमला. आणि दोघं एका गावात राहून एकमेकांची तोंडं पाहत नाहीत. मध्ये कुणीतरी पडायला नको?"

ते मध्ये पडले नेवाशाच्या एका लग्नात. पंगतीला शेजारी सायली बसली होती. नवरीची मावसबहीण, पुण्याच्या एका संस्थेत संशोधन करणारी, चष्म्याआडून सगळ्यांकडे घाबरून बघणारी. आतोबांनी तिच्या मठ्ठ्यात पट्टी बुडवली आणि ती रागवण्याऐवजी म्हणाली, "चार पॉइंट दोन असेल." झालं. आतोबांनी आपलं ताट तिच्याकडे वळवलं. तिचं काम ते असं, की चंदनाच्या झाडाला सुगंधी तेल करायला जी सूत्रं ठाऊक असतात, ती तिने यीस्टमध्ये नेऊन बसवली होती. जनुकं म्हणतात ती. त्यामुळे तिची यीस्ट साखर खाते आणि चंदनाचं तेल करते. झाड वाढायला माणसाचा अर्धा जन्म जातो आणि ते चोरीला एका दुपारीत जातं. तिच्या यीस्टला ना वाढायला जन्म लागत, ना तिच्यावर कुणी कुऱ्हाड घालत. पुढचं संभाषण वन्संनी पलीकडून ऐकलं.

"मग?" आतोबांनी विचारलं.

"मग काय, त्याच्यावर पेपर लिहिला."

"मग?"

"मग दुसरा लिहिला."

"आणि ती?"

"ती कोण?"

"यीस्ट, बाई, यीस्ट! ती कुठाय?"

"ती फ्रीजरमध्ये आहे. उणे ऐंशीला."

आतोबांच्या हातातली जिलबी तशीच राहिली. "एवढी गुणाची पोर," ते म्हणाले, "आणि बर्फात ठेवलीत?"

तिथून पुढे आतोबा त्या यीस्टचे पालक झाले. अडचण अशी होती की सायलीच्या संस्थेतला प्रकल्प संपत आला होता. परदेशातल्या एका कंपनीने तिला नोकरी देऊ केली होती आणि ती गेली की यीस्टला बर्फातून बाहेर काढणारं कुणी उरणार नव्हतं. आतोबांनी ओळखीपाळखीने नाशिकच्या एका साबणवाल्या शेटजींना गाठलं. शेटजी म्हणाले, काचेच्या कुपीतलं मला दाखवू नका, कुप्या मी खूप पाहिल्या; टाकीतून काढून दाखवा, मग बोलू. म्हणजे ती टाकी उभी राहिली आणि चालली, तर सायली इथे राहणार, तिचा उद्योग इथे होणार. नाही तर ती विमानात आणि यीस्ट बर्फात. आतोबांच्या भाषेत सांगायचं तर, "माहेरी लाडात वाढलीय हो. काचेच्या चंबूत राहायची, शुद्ध साखर खायची. आता सासरी पोलादी टाकी आणि खायला मळी. नांदली पाहिजे."

नागापूरच्या एमआयडीसीत त्यांनी एक शेड भाड्याने घेतली. बंद पडलेल्या दूध डेअरीच्या टाक्या आणल्या, वाफेची सोय केली, हवेचा पंप बसवला. जनुक बदललेली यीस्ट बाहेर सुटता कामा नये म्हणून परवानग्यांसाठी इतके हेलपाटे घातले की एका कार्यालयातल्या साहेबांच्या मुलीचंही त्यांनी मधल्या मध्ये जुळवून टाकलं. शेडची नाली बाहेर न जाता आतल्याच बंद हौदात उतरेल अशी व्यवस्था केली. हे सगळं त्यांनी घरी सांगितलं नव्हतं असं नाही. रीतसर सांगितलं होतं. पण यीस्टविषयी ते बोलायला लागले की कान मिटून मान हलवायची आम्हा सगळ्यांना सवय झाली होती.

आणि एके दिवशी वन्संचा फोन आला. "वहिनी, हे रोज संध्याकाळी उशिरा येतात. अंगाला आंबूस वास. जेवत नाहीत धड. आज विचारलं तर म्हणाले, ती आता फेसाळायला लागलीय, तिला एकटीला सोडून येववत नाही."

इथे माझा पूर्वेतिहास सांगणं भाग आहे. आमचं मूळ गाव खर्ड्याजवळचं. तिथे मी पंचेचाळिशीत असताना दारूच्या दुकानावरून बायकांचं मतदान झालं होतं. उभ्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान राहणार, आडव्या बाटलीवर मारला तर जाणार. मी पदर खोचून, गळ्यात शाळेच्या पीटीची शिट्टी अडकवून दारोदार फिरले आणि बाटली आडवी झाली. विजय खरा होता, पण तो माझ्या डोक्यात शिरला तो उतरलाच नाही. त्यानंतर कुठेही आंबूस वास आला की माझा हात गळ्याकडे शिट्टी चाचपायला जाई. शेजारणीच्या आंबोळीच्या पिठावरही मी एकदा पाळत ठेवली होती. अशा बाईला वन्संनी तो फोन केला. निवृत्त डिस्टिलरीवाला, एमआयडीसीतली आडबाजूची शेड, मळीचे ड्रम, फेस. मला आणखी पुरावा कशाला हवा होता? मी वन्संना काहीही न सांगता गावी फोन लावला. आमच्या जुन्या मंडळातल्या बायका दुसऱ्याच दिवशी टेम्पो करून हजर. त्यांच्या उत्साहात दारूबंदी किती आणि नगरची भेळ किती, हे मी तेव्हा तपासलं नाही.

दुपारची वेळ. आतोबा नमुन्याची बाटली पुण्याच्या गाडीने पाठवायला स्टँडवर गेले होते. वॉचमन म्हणाला, "आजी, आत जायची परवानगी नाही." मी शिट्टी वाजवली. तो बिचारा पूर्वी सैन्यातल्या कँटीनला होता. शिट्टी ऐकून आधी ताठ उभा राहिला आणि मग विचार करू लागला, तोवर आम्ही आत. टाकीत काळपट फेस बुडबुडत होता, वर तेलाचा थर तरंगत होता. "बघा!" मी म्हणाले, जणू मीच ती टाकी पकडून आणली होती. व्हॉल्व्ह जड होता, पण मी तो फिरवला. आंदोलनाचं बळ अंगात असलं की गुडघेदुखीही आठवत नाही. भळाभळा सगळं नालीत गेलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी भाषणाला घसा साफ केला, तेवढ्यात आमच्या मंडळातली हौसाबाई नाक वर करून म्हणाली, "बाई, ही दारू न्हाई वाटत."

"कशावरून?"

"दारूला असा वास असतोय व्हय? हिला देवघराचा वास येतोय."

माझं भाषण तिथेच संपलं. कारण तोवर मलाही यायला लागला होता. मळीच्या उग्र वासाखालून, सहाणेवर खोड उगाळल्यासारखा, गार, गोडसर. इतक्यात दारात आतोबा.

मी त्या क्षणी काय अपेक्षा केली होती ते आता आठवत नाही, पण ते ओरडले नाहीत एवढं आठवतं. आधी धावत जाऊन हौदाचं झाकण बंद आहे ना ते त्यांनी पाहिलं. मग वाफ सोडली, आत गेलेलं सगळं उकळून मारायला. मग आम्हाला एका ओळीत उभं करून औषधाच्या पाण्याने हातपाय धुवायला लावले. "वहिनी, कुणी प्यायलं तर नाही ना?" एवढं विचारलं. खर्ड्याकडच्या वाघिणी लुगड्याचे ओचे वर धरून बादलीत पाय बुडवून उभ्या, आणि हौसाबाईची बडबड चालूच, "आमाला काय ठावं, आमी समजलो हातभट्टी. पर वास लई ग्वाड हाय."

आतोबांचा बादली धरलेला हात थांबला. "काय म्हणालात?"

"वास. देवघरावानी. चंदनाचा."

"खरंच येतो?"

"आता तुमाला न्हाई येत का?"

"मला नाही येत हो. मला कशाचाच येत नाही." मग ते पुढच्या बाईकडे वळले. "तुम्हाला येतो? आणि तुम्हाला?" असं एकेकीला विचारत ते ओळीच्या टोकाला माझ्यापर्यंत आले. "वहिनी, तुम्ही खोटं बोलणार नाही. येतो?"

मी मान डोलावली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हा माणूस इतके दिवस त्या टाकीशेजारी बसून होता आणि ती आत काय करतेय याचा त्याला पत्ता नव्हता. नमुना पुण्याला जाणार, तिथून कधीतरी उत्तर येणार. तोपर्यंत ती मळी खाऊन चंदन करतेय की नुसती फुगतेय, हे सांगणारं तिथे कुणी नव्हतं. आतोबांनी बादली खाली ठेवली आणि टाळी वाजवली. "नांदली हो! मळी खाऊन नांदली!" मग रिकाम्या टाकीकडे पाहून त्यांचा चेहरा पडला, मग पुन्हा खुलला. माझ्यावरचा त्यांचा सगळा राग एका वाक्यात आला. "एवढा जड व्हॉल्व्ह तुम्ही फिरवलात कसा? माझी तर दोन माणसं लागतात त्याला."

दुसऱ्या दिवशी सायली पुण्याहून आली. तिने काही बोलावं म्हणून मी वाट पाहत होते. बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. ती टाकीत डोकावली आणि चष्मा पुसत म्हणाली, "शेटजी पुढच्या महिन्यात येणार होते. त्यांच्यानंतर मला त्या परदेशातल्या लोकांना हो की नाही ते कळवायचंय." आतोबा म्हणाले, "मग बर्फातून बहिणीला काढा तिच्या." मूळ यीस्टच्या कुप्या फ्रीजरमध्ये होत्याच. आधी चंबूत, मग छोट्या टाकीत, मग मोठ्या टाकीत, असं तिला पुन्हा चढवत न्यायचं होतं. "आणि वहिनी," ते माझ्याकडे वळले, "तुम्ही उद्यापासून रोज दुपारी यायचं. मला नाक हवंय."

अशी मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी पहिली नोकरी लागली. रोज रिक्षाने नागापूरला जायचं, छोट्या खिडकीला नाक लावायचं आणि आतोबांना सांगायचं. ते गंभीरपणे ऐकून घेत, जसं डॉक्टर नर्सचं ऐकतात. पहिल्यांदा मी "बरा आहे" म्हणाले तर रागावले. "बरा म्हणजे? काकवीसारखा की ओल्या पोत्यासारखा?" मग मी शिकले. आज काकवी. आज शिळी भाकरी. आज पावाच्या भट्टीबाहेरून गेल्यासारखं. आतोबा तेवढ्यावर हवा कमीजास्त करत, मळी थोडी थोडी देत. "एकदम खायला घातली की दारू करत बसते, आळशी होते. घास घास भरवायची." घरी येऊन मी सुनेच्या आमटीचाही अहवाल देऊ लागले, तिने दोन दिवस बोलणं टाकलं.

आणि एका दुपारी खिडकीतून आंबट झणका आला. लोणच्याच्या बरणीत पाणी गेल्यावर येतो तसा. मी नाक बाजूला केलं, पुन्हा लावलं. मनात म्हटलं, गप्प बसावं. एकदा टाकी घालवलेली बाई मी. आता पुन्हा हिच्यात काहीतरी बिघडलंय हे मीच सांगायचं? शेटजी यायला थोडेच दिवस उरले होते. सायली तिथेच उभी होती, तिच्याकडे बघवेना.

"काय येतंय?" आतोबांनी विचारलं.

"माझंच नाक बिघडलं असेल."

"वहिनी, तुमचं नाक काय सांगतंय तेवढं सांगा. बरोबर की चूक ते मी बघतो."

"आंबट येतंय. व्हिनेगरसारखं."

त्यांनी पट्टी बुडवून पाहिली आणि सरळ हवेची नळी सोडवली. तिची गाळणी फाटली होती आणि फटीतून दुसरेच जंतू आत घुसून जेवायला बसले होते. या वेळी व्हॉल्व्ह त्यांनी एका माणसाला हाताशी घेऊन स्वतः उघडला. सायलीच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा म्हणाले, "रडू नको. पाहुणे न बोलावता आलेत, आपलं दार उघडं राहिलं होतं. दार नीट लावू आणि पुन्हा पंगत मांडू."

तिसऱ्यांदा टाकी लागली आणि अर्ध्यात होती तेव्हाच शेटजी आले. आतोबांचा हट्ट असा की पोहे झालेच पाहिजेत. "दाखवायचा कार्यक्रम आहे, वहिनी. पोहे नाहीत म्हणजे आपल्या मनात नाही असा अर्थ होतो." तेव्हा शेडच्या बाहेर, दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि एक स्टूल, त्यावर शेटजी पोहे खायला बसले. सायलीने लॅपटॉप उघडला, आलेख दाखवले. शेटजी जाडजूड, कमी बोलणारे. सगळं ऐकून म्हणाले, "बाई, मला एवढंच सांगा, प्रत्येक टाकी अशीच निघेल?"

सायली उत्तर देणार तेवढ्यात आतोबाच बोलले. "नाही निघणार. आतापर्यंत दोन गेल्या. एक या वहिनींनी नालीत सोडली, एक मी. दोन्ही का गेल्या ते आम्हाला माहीत आहे. ही तिसरी अजून पोटात आहे, पूर्ण झालेली नाही. थोडीशी नाकाला लावून बघा आणि मग ठरवा."

मला वाटलं, आता हा माणूस उठून जाणार. सायलीलाही तेच वाटलं असावं. तिने लॅपटॉप मिटला. शेटजींनी वरच्या थरातलं तेल घातलेल्या वाटीत बोट बुडवलं, मनगटावर चोळलं. पोहे संपवले, लिंबाची फोड राहिली होती तीही पिळून खाल्ली, आणि गाडीत बसून निघून गेले. आम्ही तिघं त्या धुळीकडे बघत बसलो. सायली म्हणाली, "मी आज रात्री परदेशात कळवून टाकते. हो म्हणून." आतोबा पोह्यांच्या बशा गोळा करू लागले. फार वेळाने आतोबांचा मोबाईल वाजला. त्यांनी स्पीकर लावला, कारण त्यांना स्पीकर लावल्याशिवाय बोलता येत नाही.

"संगमनेरला थांबलोय," शेटजींचा आवाज आला. "जेवायच्या आधी हात धुतला. माझ्याच साबणानं, दोनदा धुतला. अजून वास येतोय. ही टाकी पुरी झाली की कळवा, माझा माणूस येईल. आणि त्या बाईंना सांगा, आलेख पुढच्या वेळी नको, पोहे ठेवा."

सायलीने त्या रात्री परदेशात कळवलं खरं, पण नाही म्हणून.

आता तिथे शेडवर पाटी आहे. आतल्या माणसांच्या डोक्यावर पांढऱ्या टोप्या असतात, वास मोजायला एक यंत्र आलंय, त्यामुळे मी नोकरीतून कमी झाले. सायली मात्र अजून मला बोलावते, म्हणते यंत्राला शिळ्या भाकरीचं सांगता येत नाही. पाटीवर आतोबांचं नाव नाही. सायलीने फार आग्रह केला, वन्संनी भांडण केलं, पण त्यांनी ऐकलं नाही. सध्या ते राहुरीकडच्या एका प्रोफेसरांच्या मागे आहेत, ज्यांच्याकडे नीळ करणारे जिवाणू आहेत. त्यांच्यासाठी एक कापड रंगवणारा पोरगा त्यांनी हेरून ठेवलाय. परवा पोराला त्यांनी विचारलं म्हणे, सकाळी उठल्याबरोबर काय करतोस. त्याने मोबाईल बघतो असं सांगितलं आणि आतोबा काळजीत पडले आहेत.

चंदनाच्या तेलाचे पहिले मोठे ड्रम टेम्पोत चढले त्या दिवशी सगळे बाहेर फोटो काढत होते. हौसाबाईही टेम्पो करून आली होती, या वेळी खरोखर भेळेसाठी. फोटोत आतोबा दिसेनात म्हणून मी आत शोधायला गेले. धुऊन स्वच्छ केलेल्या रिकाम्या टाकीशेजारी ते स्टुलावर बसले होते, हात मांडीवर, काही न करता. मी म्हटलं, आतोबा, बाहेर सगळे तुम्हाला शोधताहेत, इथे काय करताय? त्यांनी दुसरं स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "काही नाही, वहिनी. मुलं शाळेत गेली की घर कसं होतं, तसं झालंय इथं. बसा जरा, संध्याकाळी नवीन लावायचीच आहे."